पहिली बंदूक विकवत का नाही?

मांगरवाला

सर्वांना नमस्कार.

आमचे घर कुडाळ तालुक्यात आहे. वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दोन बंदुका आहेत. पहिली बारा बोरची एकनळी. काजूच्या बागेने प्रथमच चार पैसे हातात दिले, त्या वर्षी त्यांनी ती स्वतः जाऊन घेतली. दुसरी विलायती जोडनळी. ती पुढे बऱ्याच वर्षांनी एका निपुत्रिक चुलत्यांकडून वारसाने आली. जोडनळी दिसायला देखणी आहे, तिच्या कडेच्या पत्र्यांवर नक्षी आहे आणि तिला आजही चांगली किंमत येईल, असे एका जाणकाराने सांगितले. एकनळीच्या दस्त्याला तडा गेलेला असून तो पितळी तारेने बांधला आहे, आणि तिची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, पूर्वी एकदा तुटून नव्याने बसवलेली आहे.

वडिलांनी यंदा सत्तरी ओलांडली. परवाना माझ्या नावावर करून घ्यावा असे घरात ठरत आहे. मला दोन बंदुकांचा व्याप नको, एकच ठेवायची आहे. व्यवहाराने पाहता एकनळी द्यावी आणि जोडनळी ठेवावी, हे उघड आहे. वडिलांचे मत नेमके उलटे आहे, आणि त्यावर ते चर्चासुद्धा करू देत नाहीत. ज्या बंदुकीचा त्यांनी कित्येक वर्षांत बार काढलेला नाही, तिच्यासाठी हा हट्ट का, हे मला समजत नाही.

ज्यांच्या घरी बंदूक आहे किंवा होती, त्यांना विचारावेसे वाटते. पहिल्या बंदुकीत असे काय असते, की तिच्याहून सरस बंदूक हाती आल्यावरही तीच जवळची वाटते? परवान्याच्या कायद्याबद्दल कोणी सांगितले तर उपकारच होतील, पण माझा मुख्य प्रश्न पहिला आहे.

सुरंगी

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. तिच्याबद्दल ते ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात ते आजीबद्दल कधीच बोलले नाहीत.

बारा_बोर

आपला प्रश्न मला फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पहिली बंदूक माणसाच्या अंगवळणी पडते, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात माणूसच तिच्या वळणी पडतो. दस्त्याची लांबी, खांद्यात तो कुठे टेकतो, गाल कुठे लागतो, चाप किती ओढल्यावर घोडा पडतो, हे सगळे हात आणि खांदा एकदाच शिकतात, आणि पुढे जी बंदूक हाती येईल तिला याच मापाने तोलतात. माझ्याकडे नंतर आलेली बंदूक सर्व दृष्टींनी चांगली होती, तरी ती खांद्याला लावताना मान किंचित वाकडी करावी लागे. चूक बंदुकीची नव्हती. माझी मान आधीच एकीच्या ताब्यात गेलेली होती.

दुसरे कारण एकनळीच्या स्वभावात आहे. जोडनळीवाल्याला ठाऊक असते की पहिला बार फुकट गेला तरी दुसरा शिल्लक आहे. एकनळीवाल्याकडे एकच काडतूस असते आणि नळी मोडून दुसरे भरेपर्यंत डुक्कर बांध ओलांडून गेलेले असते, म्हणून तो थांबायला शिकतो. नाचणीच्या शेतावर रात्री बसलेला माणूस बहुतेक वेळ बार न काढण्यातच घालवतो. आपल्या वडिलांना त्या बंदुकीचे किती बार आठवतात ते विचारून पाहा, आणि मग न काढलेल्या बारांबद्दल विचारा. माझा अंदाज असा आहे की दुसरे उत्तर जास्त लांब असेल.

जाता जाता एक. त्या काळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे मिळत, आणि कागदी वेष्टनाचे काडतूस आपल्याकडच्या पावसाळी हवेत फुगून नळीत शिरेनासे होई. ज्याच्या बंदुकीत ते तरीही बसे, तो आपल्या बंदुकीची तारीफ गावभर करत असे. नळी झिजलेली असल्यामुळे ते बसते, हे त्याला सांगण्याची कोणाची छाती नव्हती.

निवृत्त_सुभेदार

मी बंदुकीचा मालक कधीच नव्हतो, तरी लिहितो.

बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात प्रशिक्षण घेताना जी ७.६२ ची एसएलआर रायफल माझ्या हाती आली, तिचा बट नंबर मला आजही पाठ आहे. बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही, आणि या विषयावर घरात अनेकदा चर्चा झालेली आहे. ती रायफल माझी नव्हती. सकाळी कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, सही करून घ्यायची, संध्याकाळी साफ करून परत द्यायची, आणि माझ्यानंतर ती दुसऱ्या रंगरुटाच्या हाती गेली असणार. पुढे इन्सास रायफल आली. ती हलकी होती आणि दिवसभर चालताना खांद्याला सोपी होती. तरीही मला स्वप्नात दिसते ती जड एसएलआरच.

तेव्हा मालकी हे या ओढीचे कारण असावे असे मला वाटत नाही. जिच्या भीतीवर आपण पहिल्यांदा मात केली, ती लक्षात राहते. पहिल्या दिवशी तिच्या धक्क्याने खांदा निळा पडला होता आणि उस्ताद हसले होते.

रानमेवा

सर्वांची क्षमा मागून थोडा विरोधी सूर लावतो. कोकणातल्या ‘पहिल्या बंदुकीच्या’ आठवणी ऐकताना मला नेहमी वाटते की त्यातला मधला भाग गाळलेला आहे. राखण, मांगर म्हणजे बागेतली खोप, चांदणे, बाराचा आवाज, इतके सांगून झाल्यावर ताटात काय पडले ते कोणी सांगत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतरही पुष्कळ ठिकाणी भेकरे आणि साळिंदरे पडतच राहिली. शेतीसंरक्षणाचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारायचे झाले, तरी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. ज्या जिव्हाळ्याबद्दल आपण बोलत आहोत तो बंदुकीचा आहे की पारधीचा, हे आधी प्रामाणिकपणे ठरवावे.

मांगरवाला

रानमेवा, आपला आक्षेप रास्त आहे आणि काही घरांच्या बाबतीत तो खराही असेल. आमच्या वडिलांची बंदूक मात्र मुख्यतः आकाशाकडे तोंड करूनच वाजलेली आहे. आमचा खरा शत्रू माकडे आणि वानर. ती शहाळी खुडून टाकतात, कोवळ्या काजूबिया ओरबाडतात आणि फणसाला एकच चावा घेऊन पुढे जातात. पूर्वी एक बार काढला की दोन दिवस फिरकत नसत.

तिठा

आता बार ऐकला की त्यांना पंगत बसल्याचे समजते.

भरतीओहोटी

बारा_बोर आणि सुभेदार साहेब यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण माझ्या मते मूळ कारण अधिक रुक्ष आहे. माणसाचा जीव परवान्यात गुंतलेला असतो. अर्ज, सातबारा, तलाठ्याचा दाखला, पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या, आणि मग पुन्हा एकदा तेच सारे, कारण मधल्या काळात साहेब बदललेले असतात. माझ्या काकांना परवाना मिळेपर्यंत त्यांनी लावलेल्या कलमांना आंबे धरले होते. इतक्या खेपांनंतर हाती आलेली वस्तू लाकडी काठी असती, तरी त्यांनी ती देवघराजवळच टांगली असती. दुसरी बंदूक त्याच परवान्यावर नोंदवून येते. तिच्यासाठी कोणी चपला झिजवलेल्या नसतात.

आणि एकदा मिळाल्यावरही ती सुखाने घरात राहत नाही. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ साली तर दोनदा वियोग झाला. लोकसभेसाठी आपल्या मतदारसंघात ७ मे रोजी मतदान होते, म्हणजे ऐन काजू-आंब्याच्या हंगामात बंदूक घरात नाही. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात पिकून उभे होते. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्याने त्यांचा प्रचार रात्रभर निर्वेध चालू होता. बंदूक परत आणल्यावर काका आधी नळी उजेडाकडे धरून आतून पाहतात, मग जमा पावती फाइलला लावतात, आणि त्यानंतरच चहा घेतात. नळीत गंज दिसला तर चहा राहतो.

गावठी_वकील

कायद्याचा भाग मी सांगतो.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तसाच संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या बंदुकीचाही आहे. आपल्या जुन्या घरांत ठासणीच्या आणि एकनळी बंदुकाच का दिसतात, याचे एक कारण या तरतुदीत आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. वारसाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. म्हणजे मांगरवाल्यांच्या वडिलांना कायद्याने एकही बंदूक देण्याची सक्ती नाही, आणि वाद पूर्णपणे घरगुती आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांतील २५ व्या नियमानुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिली, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर तो हयातीतच आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. परवाना देणे न देणे प्राधिकाऱ्याच्या हाती असते. वारसाचे वय एकवीस पूर्ण हवे, त्याची स्वतंत्र चौकशी होते, आणि परवाना हाती येईपर्यंत बंदुकीवर त्याचा काहीही अधिकार नसतो.

हे हयातीत करावे असे मी आग्रहाने सांगतो. परवानाधारक वारल्यावर घरचे लोक ‘त्यांची आठवण’ म्हणून बंदूक भिंतीवर तशीच ठेवतात आणि वर्षश्राद्धानंतर पाहू म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना शस्त्र बाळगणे होते. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करावी, आणि मग वारसाचा अर्ज करावा.

भरतीओहोटी यांनी मांडलेल्या मुद्द्याबाबत इतकेच, की निवडणुकीत प्रत्येकाची बंदूक सरसकट जमा करून घ्यावी असा नियम नाही. त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. पिकाचे कारण लेखी देऊन तिच्याकडे सवलत मागता येते, मात्र अर्ज आचारसंहितेआधीच तयार ठेवावा.

कुळीथपिठी

इथवरच्या सर्व प्रतिसादांत बंदूक आणि तिचा पुरुष इतकेच दिसतात, म्हणून लिहायला बसले.

सासऱ्यांची पहिली बंदूक मी लग्न होऊन आले तेव्हा मध्यघरात खुंटीला उघडी टांगलेली असे. तिच्याखाली पाळणा होता. मी सासूबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी कमरेची किल्ली दाखवली. काडतुसे त्यांच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली असत, आणि सासऱ्यांना रानात जाताना ती मागून घ्यावी लागत. किती नेली आणि किती परत आणली याचा हिशेब तोंडी होई. रागाच्या भरात मागितली, तर त्यांना किल्ली सापडत नसे. आज नियमांतच बंदूक कुलूपबंद ठेवा असे लिहिले आहे. आमच्या घरात हा कायदा त्याआधीच अमलात होता, फक्त तो करणारी निरक्षर होती.

मला बंदुकीबद्दल जिव्हाळा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. सासूबाईंना मात्र वाटत असे, आणि त्याचे कारण तुमच्यापैकी कोणी सांगितलेले नाही. सासरे डोंगराकडच्या मांगरात राखणीला जात आणि तिथे निरोप पोचण्याची काही सोय नव्हती. रात्री कधीतरी बार ऐकू येई. आसपासच्या चार-पाच बागांतून बार होत, पण त्यातला आपला कुठला हे त्या अंथरुणातून अचूक सांगत. तो ऐकू आला की माणूस जागा आहे आणि बरा आहे, इतके कळे. पुढे सासऱ्यांनी नवी बंदूक आणली, तेव्हा सासूबाई महिनाभर कुरकुरत होत्या, कारण तिचा आवाज त्यांना ओळखता येईना.

खंडेनवमीला झेंडूचा हार दोन्ही बंदुकांना असे, पण हळदकुंकू आधी जुनीला लागे.

बारा_बोर

कुळीथपिठी ताई, आपला प्रतिसाद वाचून मी माझा वरचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि तो बराच पोकळ वाटला.

आवाजाबद्दल आपल्या सासूबाईंचे कान अगदी खरे होते. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असते. ती सोरा, गंधक आणि कोळसा यांची बनते आणि तिचा बार जाड, घुमणारा असतो. काडतुसातल्या धूर न करणाऱ्या दारूचा आवाज कोरडा आणि तुटक येतो. त्यातही नळीची लांबी, दारूचे माप आणि वर ठासलेले नारळाचे सोडण किंवा चिंध्या यांनी फरक पडतो. प्रत्येक माणसाचा ठासण्याचा हात वेगळा असल्याने एकाच गावातल्या दोन ठासणीच्या बंदुका सहसा सारख्या वाजत नाहीत.

काळ्या दारूची काजळी हवेतले पाणी ओढून घेते. आपल्याकडच्या हवेत ती एक रात्र जरी नळीत राहिली, तरी सकाळी गंज धरलेला असतो. म्हणून बार काढला की घरी येऊन नळीत कढत पाणी ओतायचे, गजाला फडके गुंडाळून आतून पुसायचे, नळी चुलीजवळ पूर्ण वाळू द्यायची आणि मग शिलाई मशीनचे तेल लावायचे. खोबरेल लावू नये, ते कालांतराने चिकट होऊन बसते. कापडी गवसणीत घालून पावसाळाभर माळ्यावर ठेवलेली बंदूक तर श्रावणात हमखास लाल झालेली सापडते, कारण गवसणीच ओल धरते. ही सगळी उस्तवार पहिल्या बंदुकीची माणूस स्वतः करतो. दुसरी येईपर्यंत घरात मुलगा मोठा झालेला असतो आणि काम त्याच्याकडे जाते. मांगरवाल्यांच्या घरी जोडनळीला तेल कोण लावत आले, हे जाणून घ्यायला आवडेल.

मांगरवाला

मीच.

तिठा

धाग्याचा निकाल लागला, असे समजावे काय?

खारफुटी

निकाल लागण्याआधी एक महत्त्वाचा प्रश्न राहतो. जोडनळीच्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडाच्या रेषांसारखी नक्षी पृष्ठभागातच उमटलेली दिसते का? तशी असेल तर त्या नळ्या लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, एकत्र ठोकून बनवलेल्या असण्याचा संभव आहे. अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. आजच्या काडतुसातल्या दारूचा दाब त्या सोसतीलच असे नाही, आणि शतकभराच्या खाऱ्या हवेत पट्ट्यांच्या जोडांत आतून गंज धरलेला असेल, तर तो बाहेरून दिसत नाही. फुटली तर डाव्या हाताच्या वरच फुटते.

दुसरे असे की जुन्या विलायती बंदुकांचे काडतुसाचे घर पुष्कळदा अडीच इंचांचे असते. आजचे पावणेतीन इंचांचे काडतूस त्यात भरताना बसते, पण उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळ्या वेगळ्या करून खालच्या बाजूचे शिक्के पाहावेत. बर्मिंगहॅमचे शस्त्रपरीक्षण गृह १८१३ पासून असे शिक्के मारत आले आहे आणि कोणत्या दारूसाठी नळी तपासली, हे त्यांवरून जाणकाराला कळते. स्वतः अर्थ लावत बसू नये, परवानाधारक कारागिराकडे न्यावी.

देखणी आहे आणि किंमत येते, म्हणून तीच ठेवावी, हा आपला व्यवहार मला तितकासा उघड वाटत नाही. १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती नावांना आपल्याकडे जी किंमत येते, ती बरीचशी दुर्मिळतेची आहे. बंदूक वापरण्याजोगी आहे की नाही, ते किमतीवरून कळत नाही.

मांगरवाला

खारफुटी, आपला प्रतिसाद वाचून मी नळ्या काढून पाहिल्या. आपण म्हणता तशाच लाटा आहेत. इतकी वर्षे मी त्यांना शोभेची नक्षी समजत होतो. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले की चुलत्यांनी ती देतानाच ‘ही पूजेपुरती ठेव’ असे सांगितले होते. मला हे कोणी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते, असे त्यावर त्यांचे उत्तर आहे. ती आता कपाटात कुलपात ठेवली असून लवकरच कारागिराकडे नेणार आहे.

दूरदेशी_मालवणी

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या अमेरिकेत टेक्सासमध्ये आहे. भरतीओहोटी यांचे परवान्याचे स्पष्टीकरण मला पटले होते, पण इथली परिस्थिती पाहता ते टिकत नाही.

इथे अनेक राज्यांत प्रौढ माणूस दुकानात जातो, अर्ज भरतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि बहुतेक वेळा तो त्याच दिवशी रायफल घेऊन घरी येतो. जिने झिजवण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या कामावरच्या एका सहकाऱ्याकडे भिंतभर बंदुका आहेत आणि त्यांची तो सर्रास अदलाबदल करतो. मात्र त्यात .२२ ची एक साधी रुगर १०/२२ आहे, तिला तो हात लावू देत नाही. हे मॉडेल १९६४ पासून बाजारात असून इथे घरोघरी सापडते, तेव्हा दुर्मिळ म्हणावे असे तिच्यात काही नाही. ती त्याला लहानपणी वडिलांनी दिली आणि रिकाम्या डब्यांवर नेम धरायला त्यांनीच शिकवले. नवी कोरी तशीच रायफल आणून दिली तर बदलशील का, असे मी विचारले, तेव्हा त्याने मला जेवायला बोलावणे काही काळ बंद केले.

म्हणजे बंदूक मिळवणे कठीण असो वा सोपे, ओढ तीच दिसते. ती कोणाच्या हातून आली, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

भरतीओहोटी

दूरदेशी, आपले उदाहरण चांगले आहे, पण मग मांगरवाल्यांच्या वडिलांचे कसे? त्यांची जवळची बंदूक त्यांना कोणीच दिली नाही, त्यांनी विकत घेतली. जी चुलत्यांच्या हातून आली, तीच ते द्यायला तयार आहेत. आपल्या नियमाने हे उलटे व्हायला हवे होते.

सुरंगी

माझा पहिला प्रतिसाद थट्टेचा होता, म्हणून थोडे गंभीरपणे लिहिते.

आजोबा गेल्यावर ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. मुलगे सगळे मुंबईत होते. परळच्या चाळीत ठासणीची बंदूक कोणत्या पिकाचे रक्षण करणार, असा प्रश्न थोरल्या काकांनी विचारला, आणि कोणीही अर्ज केला नाही. त्यात कोणाला अपराधी वाटल्याचेही मला आठवत नाही. आजोबांचा जीव तिच्यात होता, इतरांचा नव्हता, आणि तो वारसाने कोणाकडे आला नाही. घरात राहिले ते दारू ठेवायचे शिंग. त्याला लाकडी बूच आहे आणि ते सध्या माझ्या मेजावर असते.

रानमेवा

सुरंगी ताई, ते शिंग म्हशीचे आहे ना, गव्याचे नाही ना, इतके कृपया पाहून घ्या. गव्याचे असेल तर मेजावरून आपल्याला थेट वन विभागाच्या कार्यालयात जावे लागेल.

बाकी, कुळीथपिठी ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर माझा सुरुवातीचा आक्षेप मी मागे घेत नाही, पण तो अपुरा होता असे म्हणतो. ताटाबद्दल मी विचारले होते, ट्रंकेबद्दल मला सुचले नव्हते.

सुरंगी

म्हशीचेच आहे. त्या म्हशीचे नावसुद्धा घरात माहीत आहे.

निवृत्त_सुभेदार

मांगरवाले, आपण आम्हा सर्वांना विचारलेत, पण ज्यांच्याकडे उत्तर आहे ते आपल्याच पडवीत बसलेले आहेत. ‘का विकायची नाही’ असे विचारू नका, त्याने माणूस हट्टाला पेटतो. ‘घेतली कशी’ असे विचारा.

मांगरवाला

सुभेदार काकांच्या सांगण्यानुसार काल विचारले. वडील पुष्कळ वेळ बोलले. त्यातले बरेचसे काजूच्या भावाबद्दल होते.

ज्या वर्षी त्यांनी बंदूक घेतली, त्याच्या आधीपर्यंत आमच्याच जमिनीची राखण दुसऱ्याच्या बंदुकीवर चालत असे. शेजारच्या बागायतदारांना निरोप पाठवायचा, त्यांना सवड असली तर गडी येऊन बार काढून जाई, आणि हंगामाच्या शेवटी त्याबद्दल काजूचा वाटा पोचवावा लागे. बंदूक घेतल्यावर वडिलांनी तो वाटा बंद केला. त्यावरून त्या घराशी काही वर्षे बोलणे नव्हते. हे मला नवीन होते. ते घर आज आमच्या अगदी घरोब्यातले आहे.

शेवटी मी जोडनळीबद्दल विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “ती माका गावली. ही मिया घेतलंय.” भरतीओहोटी यांच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असावे.

एकनळी ठेवायची आणि जोडनळी कारागिराला दाखवून मग परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायची, असे आता ठरले आहे. दस्त्याचा तडा दुरुस्त करून घ्यावा की तार तशीच राहू द्यावी, याबद्दल मात्र घरात एकमत नाही.

बारा_बोर

दस्ता दुरुस्त करून घ्यावा. तडा गेलेला दस्ता बाराच्या धक्क्याने कधीतरी गालाजवळ चिरतो. तार हवी तर नंतर वरून पुन्हा बांधा, वडिलांना फरक कळणार नाही. कळलाच तर ते सांगणार नाहीत.

कुळीथपिठी

फरक त्यांना पहिल्या दिवशी कळेल आणि ते रोज सांगतील. पण दुरुस्त करूनच घ्या. आणि काडतुसांची किल्ली बंदुकीच्या किल्लीबरोबर एकाच जुडग्यात ठेवू नका.

गावठी_वकील

अर्ज करण्याआधी एक काम करावे. नळीवर कोरलेला क्रमांक आणि परवान्याच्या पुस्तकातला क्रमांक अंकाअंकाने जुळवून पाहावा. जुन्या पुस्तकांत नोंदी हाताने केलेल्या असतात, आणि मराठी एक हा पुढच्या कारकुनाने इंग्रजी नऊ म्हणून उतरवल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. संगणकावर नोंद चढवताना चूक तशीच पुढे गेलेली असते. ती वडिलांच्या हयातीत, त्यांच्या अर्जावर दुरुस्त होणे सोपे जाते. नंतर वारसाला सिद्ध करावे लागते की ही बंदूक तीच आहे.

मांगरवाला

पाहिले. नळीवर शेवटचा अंक नऊ आहे, पुस्तकात एक. उद्या ओरसला जिल्हाधिकारी कार्यालयात जातो.

भरतीओहोटी

मंगळवारी जा. उद्या संबंधित कारकून रजेवर आहेत. मी आजच परत आलो.